बर्फाचे पंचांग आणि पावसाचे पंचांग

पानिपतच्या लढाईवर मराठीत जेवढे लिहिले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या लढाईवर लिहिले गेले असेल. भाऊसाहेबांचे धोरण, मल्हारराव होळकरांची वर्तणूक, नजीबखानाचे कारस्थान, सुरजमल जाटाचे निघून जाणे, बुणग्यांचा भार या सगळ्यांचा काथ्याकूट अडीचशेहून अधिक वर्षे चालू आहे. अब्दाली ज्या देशातून आला त्या देशाच्या हवामानाचा उल्लेख मात्र या चर्चेत बहुधा एखाद्या वाक्यापुरता येतो. 'कडाक्याच्या थंडीत मराठे उघडे पडले' असे म्हणून आपण पुढे जातो. वास्तविक अफगाणिस्तानच्या हवामानाने मराठी माणसाच्या इतिहासाला एकदा नव्हे, निदान तीन वेळा स्पर्श केला आहे: अठराव्या शतकात पंजाब आणि दिल्लीच्या मैदानात, एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पलटणींच्या रूपाने, आणि त्या पलटणींच्या पराभवातून निघालेल्या एका सिद्धांतामुळे कोकणातल्या शेकडो महार घरांच्या चुलीपर्यंत. या तिन्हींचा एकत्र विचार केला, तर हवामान इतिहासात नेमके काय करते आणि काय करत नाही, हे बरेचसे स्पष्ट होते.

दोन पंचांगे

आपला मुलूख पावसाच्या पंचांगावर चालतो. ठाणे जिल्ह्यात भाईंदरच्या पश्चिमेला समुद्राला लागून उत्तन, पाली, डोंगरी, चौक ही गावे आहेत. जुन्या कागदपत्रांत या भागाला धारावी बेट म्हणतात. येथे जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर येतात आणि मासेमारीचा हंगाम पाऊस ओसरू लागला की पुन्हा सुरू होतो. सरकारी बंदीचे दिवस आज १ जून ते ३१ जुलै असे कागदावर ठरलेले आहेत, पण समुद्र बंद आणि समुद्र खुला ही विभागणी कायद्याहून कितीतरी जुनी आहे. उघाडीच्या दिवसांत बांबूच्या मांडवांवर वाळवलेला बोंबील पावसाळ्यात घर चालवतो.

लष्करी जीवनही याच पंचांगाने बांधलेले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन, उन्हाळ्याच्या अखेरीस परत, पावसाळ्यात छावणी. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेकडे पाहिले तर हे लक्षात येते. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली. १७३९ मध्ये धारावी बेटावरचा पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. पाऊस तोंडावर आला होता. वेढा तसाच राहिला असता, तर खाडी, चिखल आणि वादळ यांनी मराठ्यांची रसद तोडली असती आणि किल्ल्यातल्या फिरंग्याला चार महिन्यांची उसंत मिळाली असती. मेमधली ती घाई पावसाच्या पंचांगाची घाई होती.

अफगाणिस्तानचे पंचांग बर्फाचे आहे. साडेसहा लाख चौरस किलोमीटरचा हा देश महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. समुद्रकिनारा एक इंचही नाही. मधोमध हिंदुकुश पर्वताचा कणा, त्यातले नोशाक शिखर ७,४९२ मीटर उंच. आपला नैऋत्य मोसमी पाऊस तेथे पोहोचेपर्यंत दमतो. खोस्त, नंगरहार, कुनार अशा पूर्वेकडच्या काठाला त्याचे थोडे शिंतोडे मिळतात, इतकेच. बाकी देशाचा पाऊस पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने, हिवाळ्यात आणि वसंतात येतो आणि डोंगरावर तो बर्फ होऊन पडतो. काबूलला वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर, कंदाहारला त्याहून कमी, आणि नैऋत्येच्या सिस्तान भागात तर शंभरीही गाठत नाही. तुलनेसाठी, आपल्याकडे दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणदेशात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे माणदेशी शेतकऱ्याच्या दृष्टीने जे वर्ष वाईट, ते काबूलकडे चांगले वर्ष ठरेल.

तरीही काबूलकडे द्राक्षे, जर्दाळू, डाळिंबे आणि गहू पिकतो, याचे कारण बर्फ. हिवाळ्यात डोंगरावर साठलेले पाणी उन्हाळ्यात, नेमके हवे तेव्हा, वितळून नद्यांना येते. आपण धरणात पाणी साठवतो. तेथे डोंगर हेच धरण. नदी नाही तेथे 'कारेझ' असते: डोंगराच्या पायथ्याच्या भूजलाला उतार देऊन जमिनीखालून मैलोन् मैल आणलेला बोगदा. त्यामुळे काबूलच्या शेतकऱ्याची चिंता आपल्याहून वेगळी. मृग कोरडा गेला की आपल्याकडे जीव टांगणीला लागतो. त्याचा जीव पौष-माघात डोंगर पांढरा झाला नाही की टांगणीला लागतो. काबूल सोन्यावाचून राहील पण बर्फावाचून राहू नये, अशा अर्थाची म्हण त्या लोकांत आहे.

उंचीतल्या फरकामुळे हवामानाचे आणखी एक वैशिष्ट्य तयार होते. काबूल सुमारे १,८०० मीटरवर. तेथून पूर्वेला जलालाबाद सहाशे मीटरच्या आत-बाहेर. एकीकडे जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली, दुसरीकडे संत्र्याच्या बागा. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलचे कौतुक करताना हेच नोंदवले आहे, की तेथून एका दिवसात अशा ठिकाणी जाता येते जेथे बर्फ कधीच पडत नाही आणि दोन घटकांत अशा ठिकाणी जेथे ते कधीच वितळत नाही. माणसे, मेंढ्या आणि उंट यांचे सगळे जीवन या चढउतारावर बेतलेले होते. पोविंदा म्हणून ओळखले जाणारे फिरते व्यापारी शरद ऋतूत गोमल खिंडीने सिंधूकाठी उतरत, हिवाळाभर हिंदुस्थानात व्यापार करत आणि वसंतात परत वर चढत.

वाळवलेला देश

या व्यापारातला माल काय होता, हेही हवामानानेच ठरवले होते. कोरड्या हवेत फळ चटकन वाळते, आणि समुद्र नसलेल्या देशातून माल उंटावरच बाहेर जाणार असल्याने वाळवल्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणून मनुका, अंजीर, जर्दाळू, पिस्ते. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावरचा वाळवलेला बोंबील आणि काबूलचा जर्दाळू यांत चवीचे काहीच साम्य नसले, तरी दोहोंमागचा हिशेब एकच: बंद हंगामासाठी आणि लांबच्या बाजारासाठी सुकवून ठेवणे.

आणि हिंग. मराठी स्वयंपाकघरात हिंगाशिवाय वरणाची फोडणी नाही, पण हिंगाचे झाड महाराष्ट्रात कोणी पाहिलेले नसते. ते अफगाणिस्तान-इराणकडच्या थंड, कोरड्या डोंगरउतारांवर वाढते. बर्फाचे पाणी पिऊन जमिनीखाली जाड मूळ साठवते, काही वर्षांनी ते मूळ कापले की त्यातून चीक पाझरतो, तोच हिंग. भारतात शतकानुशतके तो बाहेरूनच येत राहिला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात, म्हणजे भारतातल्या त्यातल्या त्यात तशाच हवामानात, त्याची लागवड सुरू झाली तेव्हा ती बातमी ठरली, यावरून परावलंबन किती पूर्ण होते ते दिसते.

तिसरा माल घोड्याचा. कोरड्या, थंड गवताळ प्रदेशात घोडा निपजतो. कोकण-मलबारच्या दमट हवेत तो टिकत नाही. मराठ्यांचा स्वतःचा काटक घोडा भीमथडीचा, म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, हा योगायोग म्हणता येणार नाही. पण मोठ्या बांध्याचा घोडा हवा असेल तर त्याची वाट खिंडींच्या पलीकडून येई. ज्या वाटांनी हिंग, मनुका आणि घोडे येत, त्याच वाटांनी आणि त्याच महिन्यांत सैन्यही येई.

अब्दालीचे महिने

अहमदशहा अब्दालीच्या स्वाऱ्यांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या की बर्फाचे पंचांग डोळ्यांसमोर उभे राहते. पहिली स्वारी: जानेवारी १७४८ मध्ये लाहोर घेतले, ११ मार्चला मनुपूर येथे मोगलांकडून हार खाऊन तो परतला. पुढल्या स्वाऱ्याही हिवाळ्यातच. चौथ्या स्वारीत तो जानेवारी १७५७ च्या अखेरीस दिल्लीत शिरला, मार्चच्या आरंभी मथुरेत त्याच्या सैन्याने कत्तल केली आणि एप्रिलमध्ये तो परत फिरला.

यामागचे कारण खिंडींतल्या बर्फापुरते नाही. खैबर आणि बोलन या दोन्ही खिंडी तशा सखल आहेत. खरी अडचण पुढे आहे. पंजाबच्या नद्या उन्हाळ्यात हिमालयाच्या बर्फाने आणि नंतर पावसाने फुगतात. हिवाळ्यात त्या उतरतात. सिंधू आणि तिच्या पाच बहिणी सैन्यासह ओलांडायच्या तर कार्तिक ते माघ हाच काळ सोयीचा. शिवाय काबूल-कंदाहारच्या गव्हाची कापणी उन्हाळ्यात होऊन शरदात माणसे मोकळी होत, आणि वसंतात त्यांना घरी परतायची ओढ लागे. त्यात मैदानातला चैत्र-वैशाख त्यांना सोसत नसे. १७५७ मध्ये हे प्रकर्षाने दिसले. यमुनेचे पाणी आटले होते, त्यात प्रेते पडलेली. अब्दालीच्या मथुरेजवळच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सैनिक परत जाण्याचा हट्ट धरून बसले. दिल्ली जिंकलेल्या पातशहाला उन्हाळ्याने परत पाठवले.

मराठ्यांनी १७५८ मध्ये पंजाब घेतला तो याच पोकळीत. मार्चमध्ये सरहिंद, एप्रिलमध्ये लाहोर. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि सेनापती जहानखान मागे हटले, मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. रघुनाथरावांच्या मे महिन्यातल्या प्रसिद्ध पत्रात कंदाहारपर्यंत अंमल बसवण्याची भाषा आहे. आपण त्या पत्राकडे अभिमानाने पाहतो आणि ते योग्यही आहे. पण मे महिन्यातच दादासाहेब परतीला लागले, कारण त्यांचे पंचांग पावसाचे. पुण्याहून लाहोर सतराशे-अठराशे किलोमीटर. काबूलहून तेच लाहोर साडेसहाशे-सातशे. मराठ्यांनी दसऱ्याला पुणे सोडले तरी पंजाबात पोहोचेपर्यंत हिवाळा सरत येई आणि पोहोचल्यावर दोन-तीन महिन्यांत परतीचा विचार करावा लागे. अब्दालीला मात्र कापणी उरकून निघाले तरी नद्या उतरण्याच्या सुमारास सिंधूकाठ गाठता येई. म्हणजे पंजाब राखायचा तर मोठी मराठी फौज तेथे बारमाही ठेवणे भाग होते, आणि तिचा पगार पंजाबच्या वसुलातून निघत नव्हता. साबाजी शिंदे, तुकोजी होळकर यांच्या तुकड्या ठेवल्या गेल्या. १७५९ च्या शरदात अब्दाली आपल्या नेहमीच्या महिन्यात आला आणि त्या तुकड्यांना मागे सरावे लागले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले.

यानंतर जे घडले ते नेहमीच्या पंचांगाला सोडून घडले आणि पानिपताचे मूळ तेथे आहे. त्या वर्षी अब्दाली परत गेला नाही. नजीबखानाच्या आग्रहाने आणि रोहिल्यांच्या धान्यावर तो अलीगढ-अनूपशहरच्या बाजूला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून राहिला. इकडे सदाशिवरावभाऊंनीही आपले पंचांग मोडले: मार्चमध्ये पतदूरहून निघून ऐन उन्हाळ्यात कूच केले आणि पावसाळ्यात यमुनेकाठी पोहोचले. दोन्ही सैन्ये आपापल्या घरच्या ऋतूबाहेर आली होती. यमुना दुथडी भरलेली. अंतर्वेदीत उतरून अब्दालीला गाठण्याचा मराठ्यांचा बेत पुराच्या पाण्याने आणि नावांच्या अभावाने फसला. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी दिल्ली घेतली. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. पाणी अजून पुरते उतरले नाही, शत्रू इतक्यात नदी ओलांडणार नाही, हा त्यांचा अंदाज होता. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात अब्दालीने बागपतजवळ उतार शोधला, काही माणसे वाहून गेली, पण सैन्य अलीकडे आले. बर्फाच्या नद्या कधी उतरतात हे ज्याच्या अनुभवाचा भाग होते, त्याने पावसाच्या नदीलाही अचूक वेळ साधली.

पुढचे अडीच महिने थंडी, उपासमार आणि कोंडी. पानिपतच्या जानेवारीचा गारठा काबूल-गझनीच्या माणसाला सौम्यच. मेंढीच्या कातड्याचे पोस्तीन त्याच्या अंगावर होतेच. दक्षिणेतून उन्हाळ्यात निघालेल्या मराठ्यांजवळ तसले कपडे असण्याचे कारणच नव्हते. १४ जानेवारी १७६१ चा निकाल सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या पुढची गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. विजयी अब्दाली दिल्लीत दोन महिनेच राहिला. थकलेल्या पगारासाठी आणि घरी परतण्यासाठी सैन्य अडून बसले आणि मार्चमध्ये तो निघून गेला. ज्या पंचांगाने त्याला १७५७ मध्ये परत नेले, त्यानेच पानिपत जिंकल्यावरही नेले. दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत आले.

मुंबईच्या पलटणी

पुढच्या शतकात उलटे घडले. या वेळी मराठी माणूस खिंडी चढून वर गेला, तो मात्र दुसऱ्याच्या झेंड्याखाली. १८३८ च्या अखेरीस सर जॉन कीन याच्या हाताखाली मुंबई फौजेची तुकडी जहाजांतून सिंधूच्या मुखाशी उतरली. मुंबई फौजेत तेव्हा कोकण-देशावरचे मराठे, महार आणि उत्तरेकडचे परदेशी असे मिश्र शिपाई होते. समुद्रकाठच्या या माणसांना सिंधचे वाळवंट आणि बोलन खिंड ओलांडून मे १८३९ मध्ये कंदाहारला नेण्यात आले. उष्म्याने आणि चाऱ्याअभावी हजारो उंट वाटेत मेले, त्यांच्याबरोबर तंबू आणि धान्य गेले. २३ जुलैला गझनी घेतले, ऑगस्टमध्ये काबूल. मुंबईच्या पलटणींचा मोठा भाग हिवाळ्यापूर्वी परतला आणि वाटेत नोव्हेंबरात कलात घेऊन आला. हे परतणे त्यांच्या पथ्यावर पडले.

मागे राहिलेल्यांचे काय झाले ते जगाला माहीत आहे. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे काबूलहून जलालाबादकडे निघाले. शिपाई मुख्यतः बंगाल फौजेचे होते. बर्फात पहिल्याच रात्री हातपाय गारठून माणसे निकामी झाली. उरलेल्यांना खिंडींत गिलझाईंच्या गोळ्यांनी गाठले. १३ तारखेला जलालाबादच्या दाराशी डॉक्टर ब्रायडन हा एकटा इंग्रज घोड्यावरून पोहोचला. हाच प्रवास ऑक्टोबरात झाला असता, तर शत्रू तेच राहिले असते, पण पहिल्या रात्रीचे मरण टळले असते. मुंबईत कुलाब्याला या युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले चर्च आहे. १८५८ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले आणि लोक त्याला 'अफगाण चर्च' म्हणतात. त्याचे उंच शिखर बंदरात येणाऱ्या गलबतांना खूण म्हणून उपयोगी पडे. समुद्र नसलेल्या देशात मेलेल्यांचे स्मारक खलाशांच्या कामी आले.

दुसऱ्या अफगाण युद्धात मात्र मुंबईच्या पलटणी सुटल्या नाहीत. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद येथे ब्रिगेडियर जनरल बरोज याच्या अडीच हजारांच्या फौजेची अयूबखानाच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी गाठ पडली. फौजेत इंग्रजांची ६६ वी पलटण, मुंबईची पहिली ग्रेनेडियर पलटण आणि तिसावी म्हणजे 'जेकब्स रायफल्स' ही पलटण होती. जुलैतली कंदाहारची दुपार, उघडे माळरान, सावली नाही, आणि लढाई तासन् तास चाललेली. भिस्त्यांना आघाडीपर्यंत पाणी नेता येईना. अयूबखानाजवळ तोफाही अधिक होत्या. अखेर डावी बाजू कोसळली आणि सगळी फळी विस्कटली. हजारभर माणसे पडली. ग्रेनेडियर पलटणीचे निम्म्याहून अधिक लोक मृत किंवा जखमी झाले. उरलेले रात्रभर पाण्यावाचून कंदाहारच्या दिशेने चालत राहिले, आणि अर्गंदाब नदी येईपर्यंत कित्येक तहानेने वाटेतच पडले. शेरलॉक होम्सच्या गोष्टीतला डॉक्टर वॉटसन ज्या लढाईत जखमी होतो ती हीच. त्या कथेमुळे मैवंदचे नाव जगभर झाले. त्या माळावर पडलेल्या मुंबईच्या शिपायांची आठवण मात्र फारशी कोणी ठेवली नाही.

हवामानाचा खोटा धडा

मैवंदपासून काय शिकायचे होते ते उघड होते: थोड्या फौजेने, कमी तोफांनिशी, पाण्याची सोय न पाहता, भर उन्हाळ्यात उघड्यावर लढू नये. पण सरकारी वर्तुळांत दुसराच निष्कर्ष बळावला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतला शिपाईच कमी प्रतीचा. काबूल ते कंदाहार अशी प्रसिद्ध दौड मारून १ सप्टेंबर १८८० रोजी अयूबखानाला हरवणारा जनरल रॉबर्ट्स पुढे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. उष्ण हवामानाने आणि दीर्घ शांततेने दक्षिणेतल्या लोकांची लढाऊ वृत्ती क्षीण झाली आहे, लढवय्या शिपाई हवा असेल तर तो उत्तरेच्या थंड, डोंगराळ मुलखातून घ्यावा, असे त्याचे ठाम मत होते. 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत म्हणून पुढे जे रूढ झाले त्याचा हा गाभा. त्यात जातीविषयीचे ग्रह होते, रशियाची धास्ती होती, १८५७ ची सावली होती. हवामानाने या सगळ्याला शास्त्राचा आव आणून दिला.

या सिद्धांताची झळ ज्यांना सर्वाधिक बसली ते कोकणातले महार. कंपनीच्या काळापासून मुंबई फौजेत त्यांची मोठी संख्या होती. १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद करण्यात आली. बंद झालेली गोष्ट नोकरीपुरती नव्हती. पलटणीत पगार होता, निवृत्तिवेतन होते, आणि शिपायांच्या मुलांसाठी शाळा होती. गावात ज्याला शाळेच्या ओट्यावर बसू देत नसत, तो छावणीत अक्षरे शिकून बाहेर पडत होता. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. अस्पृश्यांच्या हक्कांची मागणी करणाऱ्या सुरुवातीच्या लेखी दस्तऐवजांत त्याची गणना होते. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. त्यांचा मुलगा भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मला. बंदी वीस-पंचवीस वर्षे आधी आली असती, तर त्या घरात पुस्तके असती का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

सिद्धांत किती पोकळ होता ते त्याच्या पुरस्कर्त्यांनीच दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी करण्यात आली, युद्ध संपल्यावर ती मोडली, आणि १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेने महार रेजिमेंट स्थापन झाली. त्या दरम्यान कोकणाची हवा बदललेली नव्हती.

एक दुष्काळ, दोन शेवट

हवामान माणसाची नियती ठरवते का, याची जवळपास प्रयोगशाळेतली म्हणावी अशी परीक्षा विसाव्या शतकात झाली. १९७० च्या आसपास अफगाणिस्तानात सलग दोन हिवाळे बर्फ फारच कमी पडले. १९७१-७२ मध्ये घोर आणि वायव्येच्या डोंगराळ भागात दुष्काळ पडला. मेंढ्यांचे कळप संपले, हजारो माणसे मेली. धान्य परदेशांतून आले, पण ते वर डोंगरात पोहोचवणारी यंत्रणा ढिली आणि भ्रष्ट होती. राजा जहीरशहाच्या राजवटीवरचा विश्वास उडाला आणि १७ जुलै १९७३ रोजी, राजा इटलीत असताना, त्याचा चुलतभाऊ दाऊदखान याने सत्ता घेतली. त्यानंतर त्या देशाला स्थैर्य लाभलेले नाही.

नेमक्या त्याच वर्षांत महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली होती. १९७२ चा दुष्काळ आजही साठी ओलांडलेल्यांच्या बोलण्यात येतो: खडी फोडण्याची कामे, सुकडी, आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, जनावरे गेली, गावे रिकामी होऊन मुंबई-पुण्याकडे लोटली. पण अन्नावाचून मोठ्या प्रमाणावर माणसे मेली नाहीत. त्यामागे कामगार संघटनांचे आणि विरोधी पक्षांचे मोर्चे होते, बायकांनी काढलेली आंदोलने होती, आणि वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्याच कल्पनेवर पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा उभा राहिला.

कमी बर्फ आणि कमी पाऊस ही एकाच प्रकारची संकटे. एकाचा शेवट राजवट कोसळण्यात झाला, दुसऱ्याचा कामाच्या हक्कात. फरक डोंगरांत नव्हता. ज्याच्याकडे मागणी करायची त्याच्यापर्यंत आवाज पोहोचतो की नाही, यात तो होता.

म्हणून अफगाणिस्तानच्या हवामानाकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. हवामान तारखा ठरवते: सैन्य कधी निघेल, नदी कधी उतरेल, माल कधी येईल, माणूस कधी थकेल. या अर्थाने ते आपल्या इतिहासलेखनात आज आहे त्याहून कितीतरी अधिक यायला हवे. दत्ताजी आणि भाऊ यांच्या पराक्रमाबरोबर यमुनेच्या पाण्याची उंचीही मोजायला हवी. पण हवामान माणसांची प्रत ठरवते, असे कोणी सांगू लागले, तर त्यामागे कोणाची नोकरी, कोणाची शाळा जाणार आहे हे आधी पाहावे.

आज हे बर्फाचे पंचांगच विस्कटत आहे. हिंदुकुशावरचा बर्फ कमी होतो आहे आणि लवकर वितळतो आहे. २०२१ मध्ये अफगाणिस्तानात मोठा दुष्काळ पडला आणि मे २०२४ मध्ये बगलान प्रांतात अचानक आलेल्या पुरांनी शेकडो बळी घेतले. आपल्याकडे मृग वेळेवर येईनासा झाला आहे आणि किनाऱ्यावर अवेळी येणारी वादळे ऐन मासेमारीच्या हंगामात होड्या परत बोलावू लागली आहेत. दोन्ही पंचांगांवर शतकानुशतके बसवलेली गणिते एकाच वेळी चुकू लागली आहेत. त्या चुकीची किंमत कोणी मोजायची, हे मात्र १८४२ मध्ये, १८९२ मध्ये आणि १९७२ मध्ये ठरले तसेच ठरेल: माणसांच्या निर्णयांनी.